उकडलेल्या बटाट्याची साक्ष

तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं ते उताराच्या जोरावर. शाळेतल्या बटाट्याच्या वाटीत मात्र पाणी उलटं, खालून वर चढतं, आणि त्याला पंप लागत नाही. शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारातून दोन-चार बटाटे आणले की परासरणाची प्रयोगशाळा तयार.

एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात हा प्रयोग वर्षानुवर्षं होता. बटाटे सोलून अर्धे करायचे, मधला गर कोरून वाट्या करायच्या आणि पाण्याच्या परातीत ठेवायच्या. परातीतलं पाणी काठापर्यंत येता कामा नये. पहिली वाटी कच्ची आणि रिकामी. दुसरीत चमचाभर साखर, तिसरीत चमचाभर मीठ. चौथी उकडलेल्या बटाट्याची, तिच्यातही साखर. दोन तासांनी पाहावं तर साखर-मिठाच्या कच्च्या वाट्यांत पाणी साचलेलं असतं. रिकामी कोरडी, आणि उकडलेलीतही पाणी जमत नाही.

जिवंत पेशीचं पटल पाण्याला वाट देतं, साखरेला सहजी देत नाही. म्हणून पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे सरकतं; हेच परासरण. उकडल्यावर पटलं फाटतात, निवड संपते, साखरच गरात झिरपते. वेळ वाचवायचा म्हटलं की पहिला बळी चौथ्या वाटीचा जातो; खरं तर पाणी खेचण्याचं काम शाबूत पटलाशिवाय होत नाही, याची साक्ष तीच देते. ती वगळली तर उरते नुसती गंमत.

बेदाणा पाण्यात टाकून फुगवण्याचा प्रयोग सोपा, पण थोडा फसवा. वाळलेल्या बेदाण्यातल्या पेशी काही जिवंत नसतात. तो फुगतो त्याच्या सालीमुळे आणि आतल्या साखरेमुळे. त्यापेक्षा रिओ या झाडाच्या पानाची जांभळी साल बरी. मिठाच्या पाण्यात तिचा रंगीत पेशीरस आक्रसून भिंतीपासून सुटताना दिसतो, फक्त सूक्ष्मदर्शक हवा. विसरण, म्हणजे पदार्थाचं आपोआप पसरणं, दाखवायला तेवढाही खटाटोप नको: पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा स्थिर पाण्यात टाकला की पुरे.

परासरणाचा असा प्रयोग जुनाच आहे: फ्रान्सचे शास्त्रज्ञ नोले यांनी 1748 मध्ये मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवलं. मूत्राशय फुगून वर आलं. पेशीपटलातून पाणी इतक्या झपाट्याने कसं जातं, हे कोडं मात्र बराच काळ सुटेना. पीटर अ‍ॅग्रे यांनी पाणी वाहून नेणारं प्रथिन ओळखलं, तेव्हा 1990चं दशक उजाडलं होतं; 2003 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. भाताच्या राबातही, म्हणजे रोपांच्या वाफ्यातही, हेच घडतं. युरिया एकाच जागी जास्त पडला, तर मुळांभोवतीचं पाणी इतकं दाट होतं की मुळांना ते ओढून घेता येत नाही, उलट त्यांच्यातलंच पाणी बाहेर जातं आणि रोपं करपतात. अशा वेळी वाफ्यात भरपूर पाणी सोडून खत पातळ करतात.