वाचनांतून इंग्रजी व्याकरण

माध्यमिक शाळेंतील इंग्रजीच्या तासाला एक विसंगति वारंवार दिसून येते. विद्यार्थी काळांचे नियम घडाघडा म्हणून दाखवितो, गाळलेल्या जागा अचूक भरतो, प्रयोग बदलून देतो. आणि त्याच विद्यार्थ्याला चार ओळींचें इंग्रजी पत्र लिहावयास सांगितलें म्हणजे पहिल्याच ओळींत उपपद हरवतें व दुसऱ्या ओळींत काळ चुकतो. शब्दांच्या बाबतींतहि तेंच. परीक्षेसाठीं पाठ केलेले विरुद्धार्थी शब्द परीक्षेनंतर महिन्याभरांत विसरले जातात. घरच्या मंडळींना वाटतें कीं मुलाचा अभ्यास कमी पडला; शिक्षकांना वाटतें कीं नियम आणखी एकदां घोटून घेतले पाहिजेत. वस्तुतः दोष बहुधा अभ्यासाच्या प्रमाणांत नसून त्याच्या प्रकारांत असतो. नियम माहीत असणें ही एक गोष्ट आणि भाषा अंगवळणीं पडणें ही दुसरी. पहिलीकडून दुसरीकडे नेणारा जो मार्ग शाळेच्या आणि घराच्या आवाक्यांतला आहे, तो वाचनाचा होय. मात्र तें वाचन कसें असावें, याला कांहीं अटी आहेत.

महाराष्ट्रांत इंग्रजी शिकविण्याची जुनी परंपरा व्याकरण आणि भाषांतर या दोन खांबांवर उभी होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. नेस्फील्डचें व्याकरण आणि त्यामागून रेन व मार्टिन यांचें व्याकरण शाळाशाळांतून रूढ झालें. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. मराठी वाक्य इंग्रजींत नेतांना कर्ता कोठें बसवावा, क्रियापद कोठें आणावें, ही शिस्त त्यांनीं लावली. परंतु त्या काळच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट मिळत होती, ती पुष्कळदां विसरली जाते. वरच्या इयत्तांत इतिहास-गणितासारखे विषयहि इंग्रजींतूनच शिकविले जात. त्यामुळें व्याकरणांत शिकलेला नियम त्याला दिवसांतून अनेक वेळां इतर पुस्तकांतून भेटत असे. पुढें शिक्षणाचें माध्यम मराठी झालें, हें योग्यच झालें. पण नियमांचीं पुस्तकें जागच्या जागीं राहिलीं आणि त्यांना आधार देणारें वाचन मात्र नाहींसें झालें. रेन यांचें उदाहरण या दृष्टीनें मौजेचें आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी केलेल्या या गृहस्थांचें नांव जगांत झालें तें १९२४ सालच्या ‘बो जेस्ट’ या साहसकथेमुळें. ज्या लेखकाच्या कादंबऱ्या इंग्रजी वाचक आवडीनें वाचत, त्याचे नियम तेवढे येथील मुलांच्या वांट्यास आले. गोष्टी आल्या नाहींत.

वाचनाचा पक्ष भारतांतच एका शिक्षकानें फार पूर्वीं मांडला होता. मायकेल वेस्ट हे बंगाल्यांत शिक्षणखात्यांत असतांना डाक्क्याच्या शिक्षक-महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांच्या इंग्रजीसंबंधीं त्यांचा विस्तृत ग्रंथ १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं विचारलेला प्रश्न अगदीं व्यवहारी होता. विम्याचे हप्ते मध्येंच थांबविले तरी हातीं कांहीं रक्कम येते. तसें एखाद्या मुलानें शाळा मध्येंच सोडली, तर त्याच्या इंग्रजीच्या शिक्षणांतून त्याच्या हातीं काय उरतें? अर्धवट व्याकरण जवळजवळ निरुपयोगी ठरतें. परंतु थोडेंबहुत वाचतां येऊं लागलें असेल, तर तो मुलगा पुढें आपल्या बळावर वाढूं शकतो. या विचारानें वेस्ट यांनीं मर्यादित शब्दांत लिहिलेलीं वाचनपुस्तकें तयार केलीं. नवा शब्द विरळा यावा, आणि आल्यावर तो पुढील पानांत पुन्हां पुन्हां भेटावा, हें त्यांचें धोरण. त्यांनीं संपादिलेली सुमारें २००० उपयुक्त शब्दांची यादी १९५३ मध्यें प्रसिद्ध झाली व तिच्या आधारें पुढें कित्येक सोपीं पुस्तकें लिहिलीं गेलीं.

वेस्ट यांच्या धोरणाला पुढील संशोधनानें चांगलाच आधार दिला आहे. न्यूझीलंडमधील हू व नेशन या संशोधकांनीं २००० सालीं दाखविलें कीं एखादी गोष्ट कोणाच्याहि मदतीवांचून नीट समजावयाची असेल, तर तिच्यांतील शेंकडा ९८ शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागें एकच शब्द नवा. त्याहून अधिक नवे शब्द येऊं लागले कीं वाचन थांबतें व कोशांतील शोध सुरू होतो. मोठ्यांसाठीं लिहिलेली इंग्रजी कादंबरी या मापानें वाचावयाची, तर आठ-नऊ हजार शब्दकुलें ठाऊक असावीं लागतात, असा नेशन यांचा २००६ सालचा हिशेब आहे. आठवी-नववीच्या मुलाच्या हातीं डिकन्सची मूळ कादंबरी देऊन “वाच, म्हणजे इंग्रजी सुधारेल,” असें सांगणारे वडील हेतूनें चांगले असतात. पण त्यांनीं मुलाला वाचन नव्हे, तर कोडें सोडवावयास दिलेलें असतें.

दुसरी अट पुनरावृत्तीची. जपानमध्यें वेअरिंग व ताकाकी यांनीं २००३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका सोप्या गोष्टींतील २५ शब्दांच्या जागीं त्यांनीं बनावट शब्द घातले, म्हणजे ते कोणालाहि आधीं ठाऊक असणें शक्य नव्हतें. वाचकांनीं गोष्ट समजून वाचली. त्यांतील कांहीं शब्दांचे अर्थहि त्यांना लगेच सांगतां आले. पण तीन महिन्यांनीं विचारतां सरासरीनें २५ पैकीं एकाच शब्दाचा अर्थ स्मरणांत राहिला होता, आणि आठांहून कमी वेळां भेटलेला एकहि शब्द राहिला नव्हता. पाठ्यपुस्तकांतील धड्याशीं याची तुलना करून पाहावी. धड्याखालीं दहा-बारा नवे शब्द अर्थासह छापलेले असतात. ते धड्यांत एकेकदां येतात, आणि पुढचा धडा सुरू झाला कीं त्यांची भेट संपते. मुलाची स्मरणशक्ति कमी आहे असें म्हणण्यापूर्वीं त्याला तो शब्द किती वेळां भेटला, हें विचारलें पाहिजे.

आतां व्याकरण. मराठी मुलाच्या इंग्रजींतील चुका बहुतांशीं आकस्मिक नसतात. मातृभाषेची सवय त्यांच्या मागें असते. ‘काल आम्ही पुण्याला गेलों होतों’ हें मराठींत शुद्ध व सहज वाक्य आहे. तेंच मनांत धरून मुलगा ‘यस्टरडे वी हॅड गॉन टु पुणे’ असें लिहितो, वास्तविक तेथें ‘वेंट’ हा साधा भूतकाळ हवा. ‘मीं त्याला काल पाहिलें आहे’ यावरून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ होतें. ‘तिच्याशीं लग्न’ यावरून ‘मॅरिड विथ’ आणि ‘प्रश्नाविषयीं चर्चा’ यावरून ‘डिस्कस अबाउट’ येतें. ‘रामानें पोळी खाल्ली’ यांत मराठी क्रियापद कर्माच्या मागें जातें. इंग्रजी क्रियापद कर्त्याला कधीं सोडीत नाहीं. आणि उपपदांचें तर विचारूंच नये, कारण मराठींत त्यांना जुळणारी व्यवस्थाच नाहीं.

उपपदाचा नियम मुलें पाठ करतात तो असा : पहिल्या उल्लेखाला ‘अ’, नंतरच्या उल्लेखाला ‘द’. आतां पुढील तीन वाक्यें पाहावीं. ‘अ फार्मर हॅड अ वेल. द वेल वॉज डीप. बट द वॉटर हॅड ड्राइड अप.’ शेतकरी आणि विहीर यांना प्रथम ‘अ’ आलें, दुसऱ्या उल्लेखाला विहिरीला ‘द’ आलें. येथवर नियम बरोबर. पण पाण्याचा उल्लेख पहिलाच असून त्यालाहि ‘द’ कां? कारण विहीर म्हटली कीं तिच्यांतलें पाणी वाचकाच्या मनांत आधींच आलेलें असतें. ‘द’ ची खरी खूण दुसरा उल्लेख ही नसून “कोणतें तें वाचकाला ठाऊक आहे” ही आहे. हें मर्म नियमाच्या एका ओळींत बसत नाहीं. शेंकडों वाक्यें अर्थासह वाचतां वाचतां तें उमगतें. ‘हॅड ड्राइड अप’ चेंहि तसेंच. गोष्टीच्या काळापूर्वींच पाणी आटलें होतें, म्हणून तेथें पूर्ण भूतकाळ आला. कालची पुण्याची सहल नुसती सांगावयाची असतां तो येत नाहीं. हा भेद व्याख्येपेक्षां गोष्टींतील घटनांच्या क्रमावरून अधिक लवकर कळतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुलगा गोष्टीच्या नादांत वाचत सुटला, तर ‘अ’ आणि ‘द’ त्याच्या डोळ्यांपुढून जातील, पण मनांत उतरणार नाहींत. रिचर्ड श्मिट या भाषाशास्त्रज्ञांनीं ब्राझीलमध्यें असतांना स्वतः पोर्तुगीज शिकत असल्याची दैनंदिनी ठेवली होती, व तिचें विवेचन १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. इतरांच्या बोलण्यांतील जीं रूपें त्यांच्या लक्षांत आल्याचें दैनंदिनींत नोंदलेलें होतें, तींच मुख्यत्वें त्यांच्या स्वतःच्या बोलण्यांत उतरलीं होतीं. तेव्हां वाचनाला लक्ष देण्याची जोड हवी. नियम टाकून द्यावयाचे नाहींत. त्यांची जागा तेवढी बदलावयाची. आधीं नियम व मग उदाहरण, याऐवजीं आधीं अर्थपूर्ण उतारा, मग त्यांतील रूपाकडे लक्ष, आणि शेवटीं नियम.

शाळेच्या एका तासांत हें सहज साधतें. पहिलें वाचन केवळ गोष्टीसाठीं. त्या वेळीं व्याकरणाचा शब्दहि काढूं नये. दुसऱ्या वाचनांत एकच वस्तु शोधावी : आज भूतकाळाचीं क्रियापदें, उद्यां उपपदें, परवां क्रियापदांमागून येणारीं शब्दयोगी अव्ययें. एकाच उताऱ्यांतून सारें व्याकरण पिळून काढण्याचा मोह शिक्षकांनीं आवरावा, नाहीं तर गोष्टीचाच विटाळा येतो. मग पुस्तक मिटून तोच उतारा मुलांनीं आठवून लिहावा आणि मूळाशीं ताडून पाहावा. हा उपाय जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं लहानपणीं ‘स्पेक्टेटर’ पत्रांतील निबंधांचीं टांचणें करून, कांहीं दिवसांनीं त्यांवरून ते निबंध पुन्हां लिहून, मूळाशीं ताडून आपलीच चूक आपण सुधारली होती. दुसऱ्यानें तांबड्या शाईनें दाखविलेल्या चुकीपेक्षां स्वतः पकडलेली चूक अधिक काळ ध्यानांत राहते.

घरीं करावयाचें काम याहून सोपें आहे. पुस्तक निवडतांना एक पान मुलाकडून वाचवून घ्यावें. पानावर अडीचशें शब्द धरले तर अडलेले शब्द पांचांच्या आंत असावेत. अधिक अडले तर सध्यां तें पुस्तक बाजूस ठेवावें व सोपें घ्यावें. नववींतला मुलगा लहान मुलांचें पुस्तक वाचतो म्हणून कोणी हंसूं नये. शब्दांची वही ठेवावयाची तर तींत सुटा शब्द न लिहितां सबंध वाक्य लिहावें. ‘मॅरिड’ नव्हे, तर ‘शी वॉज मॅरिड टु अ डॉक्टर’, म्हणजे अर्थाबरोबर त्याचा सोबतीहि वहींत येतो. प्रत्येक शब्दाला कोश उघडूं नये. जो शब्द दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आडवा येईल, त्याच्यासाठींच तो उघडावा.

रोज दहा मिनिटांचें वाचनहि थोडें नव्हे. मिनिटाला शंभर शब्द या मंद गतीनें दहा मिनिटांत एक हजार शब्द होतात. वर्षांतील दोनशें दिवस धरले तर दोन लाख. शब्दांची आणि रूपांची पुनर्भेट एवढ्या विस्तारांतच घडूं शकते. पुस्तकांच्या खर्चाची अडचणहि अगदींच दुस्तर नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गांत प्रत्येकानें एकेक सोपें पुस्तक आणलें आणि आठवड्याला अदलाबदल केली, तर एका पुस्तकाच्या किंमतींत प्रत्येकाला चाळीस पुस्तकें मिळतात. फिजी बेटांतील खेड्यांच्या शाळांत १९८० सालीं एली व मंगूभाई यांनीं असाच, पण मोठ्या प्रमाणावर, प्रयोग केला. चौथी-पांचवीच्या वर्गांना प्रत्येकीं सुमारें २५० सचित्र इंग्रजी गोष्टींचीं पुस्तकें देण्यांत आलीं. आठ महिन्यांत त्या मुलांची वाचून व ऐकून समजण्याची प्रगति नेहमींच्या दुप्पट वेगानें झाली. आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती वाढ त्यांच्या लेखनांत व व्याकरणांतहि उतरलेली दिसली. तीं मुलें वयानें लहान होतीं. तथापि भाषा पुनर्भेटीनें वाढते, हें तत्त्व माध्यमिक शाळेंत बदलत नाहीं.

वाचनानें सर्व कांहीं साधतें असें नाहीं. उच्चार कानानें शिकावे लागतात, आणि बोलण्याचें धैर्य बोलूनच येतें. म्हणून शिक्षकांनीं उतारा मोठ्यानें वाचून दाखविणें अगत्याचें आहे. परंतु मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची खरी कसोटी दहावीनंतर लागते. विज्ञान, वैद्यक, यंत्रशास्त्र यांचीं जाडजूड इंग्रजी पुस्तकें एकाएकीं त्याच्यापुढें येतात, आणि विषय समजण्याची कुवत असूनहि केवळ भाषेपायीं तो स्वतःला मंद समजूं लागतो. २००० सालीं महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून सुरू झालें. तत्पूर्वीं तें पांचवीपासून असे. वर्षें वाढलीं, तरी त्या वर्षांत मुलानें आपणहून किती पानें वाचलीं, यावरच पुढचें अवलंबून आहे. आठवीपासून रोज दहा मिनिटें सोपें व समजणारें इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला तीं जाडजूड पुस्तकेंहि कठीण वाटतील. पण त्यांतलीं वाक्यें त्याला परकीं वाटणार नाहींत.