दगडावरचे तीन शब्द

बायकोच्या कबरीवर बसवायच्या फरशीवर काय कोरायचं, हे विचारायला कारागीर आमच्या घरी, उमरीला, आला तेव्हा थोरल्या मुलानं कागदावर लिहून दिलं : 'प्रेमळ पत्नी, माता व आजी. प्रभूमध्ये निद्रिस्त.' शब्द खरेच होते. पण मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसलो. अडतीस वर्षं मी मुदखेडच्या शाळेत गाडीनं जाऊन-येऊन नोकरी केली. पहाटे अंधारात उठून ज्वारीच्या दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून देणारी ही. भाकरी परत आली की दोन दिवस न बोलणारी ही. ती या तीन शब्दांत कुठं दिसत होती?

त्या रात्री कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' काढलं. शाळेत त्यातला उतारा वर्षानुवर्षं शिकवला. आता माझ्यासाठी वाचायला घेतलं.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखल्यांची मनू. वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आणलेलं मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायची. अशा घरातली मुलगी 1880 साली नारायण वामन टिळकांच्या घरी आली. टिळक कवी, मोठ्या मनाचे, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे, आणि तापटही. न सांगता घर सोडून निघून जायचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पदरात चार वर्षांचाही न झालेला दत्तू. नवरा जिवंत असून हरवलेला. पुढची काही वर्षं ती आप्तांच्या आधारानं राहिली, पंढरपूरलाही राहिली.

इथं वाचकाला वाटेल की मग तिनं नवऱ्यामागं लगेच धर्म बदलला. तसं घडलं नाही, आणि म्हणूनच मला ही बाई फार मोठी वाटते. ती टिळकांकडे परत गेली ती आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नाशी तिची झुंज तिच्या मनातच चालली होती. उत्तर सापडल्यावर तिनं कुणाच्याही हातचं पाणी पिण्याचं ठरवलं. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, 1900 सालचा. टिळकांनी वाट पाहिली, तिनं घाई केली नाही. संसारात विश्वास म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी त्याला ही पानं वाचायला देतो.

आई म्हणून तिचं घर पोटच्या लेकरांपुरतं नव्हतंच. अनाथ, निराधार पोरं तिच्या पंगतीला असायची. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले ते तिचे लेक होऊनच. 1918 साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले आणि पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 ला, टिळक गेले. पन्नाशीतल्या या विधवेनं मग मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी केली, मुलाबरोबर कराचीला गेली. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य तिनं चौसष्ट अध्याय लिहून पुढं नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं! त्यातही ओवी वापरली.

आणि 'स्मृतिचित्रे'? दत्तू, म्हणजे देवदत्त, वडिलांचं चरित्र लिहायला बसले होते, त्यासाठी आईकडून आठवणी हव्या होत्या. आई सांगू लागली, लिहू लागली आणि 1934 पासून त्याचे चार भाग झाले. 24 फेब्रुवारी 1936 ला ती नाशिकला वारली. पुढं नातू अशोक देवदत्त टिळकांनी आजीच्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. मुलानं लिहितं केलं, नातवानं जपलं. भांडणं, रुसवे, फजिती यांतलं काहीच तिनं झाकलं नाही, म्हणून टिळक आजही त्या पानांत चालते-बोलते आहेत. नुसते 'थोर पती' म्हणून त्यांना कुणी ओळखलं नसतं.

आमच्या उपासनेत 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली टिळकांची गीतं आम्ही दर रविवारी गातो. आमची ही पुढच्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी सूर लावायची. तबलेवाल्याला ते जमवून घ्यावं लागे. नाताळच्या करंज्या करताना पहिलं ताट ती शेजारच्या मुस्लीम घरी आणि दुसरं समोरच्या मारवाड्याकडे पाठवायची, घरच्यांना तिसरं. दिवाळीला आणि ईदला ती ताटं भरून परत यायची. शेवटच्या आजारात पाळक साहेब प्रार्थनेला आले तेव्हा डोळे मिटूनच म्हणाली, "आधी साहेबांना चहा द्या, प्रभू थांबेल."

कारागिराला मी तेच तीन शब्द कोरायला सांगितले. दगडावर याहून जास्त मावत नाही. मग शाळेची कोरी राहिलेली शंभर पानी वही काढली. नातू सहा वर्षांचा आहे, त्याला आजी पुसटच आठवते. पहिल्या पानावर भाकरी परत आल्याची गोष्ट लिहिली आहे, माझ्या चुकीसकट. आतापर्यंत एकतीस पानं झाली. तुमच्या घरात आई किंवा आजी अजून बोलती असेल, तर ही पानं मिटा आणि वही घेऊन तिच्याजवळ जाऊन बसा.