मांजराची शेपटी आणि माणसाचा तोल

फिजिओथेरपीच्या पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन समांतर दांड्यांमध्ये, पाऊल टाकताना पाय सगळ्यांत शेवटी हलतो. आधी भार एका कुशीवर जातो, त्या बाजूचा गुडघा ताठ राहतो, मग कुठे दुसरा पाय मोकळा होतो. स्टुलावर बसलेली थेरपिस्ट त्या गुडघ्यामागे पंजा धरून असते आणि नजर टाचेवर. आधी टाच टेकते की चवडा, एवढंच बघत. मज्जारज्जूची इजा अपूर्ण असेल, म्हणजे इजेखाली थोडी हालचाल उरली असेल, तर वर्षानुवर्षांनंतरही चालण्यात सुधारणा होऊ शकते. ती यंत्रावर जास्त होते, हा समज मात्र मला पटत नाही. माँट्रिअलच्या बार्बो आणि रोसिन्योल या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवलं, की मज्जारज्जू तोडलेली मांजरंही सरावाने ट्रेडमिलवर मागचे पाय टाकू लागतात. पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवण्याला आणि पुढे पाय हलवून देणाऱ्या रोबोला याच संशोधनाने बळ दिलं. पण त्या मांजरांचा तोल जाऊ नये म्हणून शेपटी धरावी लागे. पाय टाकणं मज्जारज्जू शिकली. तोल दुसऱ्याच्या हातात राहिला. माणसाला तर दोनच पायांवर उभं राहायचं असतं. मायामीतल्या एका अभ्यासात जुन्या, अपूर्ण इजेच्या लोकांना आठवड्याला 5 दिवस, 12 आठवडे चालवलं. 64 जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं. 2011 साली निकाल आला. चालण्याचं अंतर सर्वाधिक वाढलं ते ट्रेडमिल किंवा रोबोवरच्यांचं नाही, जमिनीवर चालणाऱ्यांचं. यंत्र भार आणि तोल सांभाळतं तेव्हा शिकायची गोष्टच ते काढून घेतं, असा मी याचा अर्थ लावतो.

यावर थेरपिस्टच म्हणतील, की उभंच राहता न येणाऱ्याला दोघांनी किती वेळ धरायचं, आमच्या कमरेचं काय? रास्त आहे. तिथे टांगणारा पट्टा हवाच. फक्त तो आधार दर आठवड्याला कमी व्हायला हवा. दुसरा आक्षेप जास्त टोचतो: व्हीलचेअर वेगवान आणि सुरक्षित असताना, बरीच वर्षं भार न पडल्याने ठिसूळ झालेल्या हाडांनिशी पडायचा धोका कशाला? पूर्ण इजा असलेल्या बहुतेकांसाठी हे खरंच आहे, आणि इतरांचीही हाडं आधी तपासलीच पाहिजेत. पण आपल्या घरांत न्हाणीघराचं दार व्हीलचेअरला पुरत नाही. तिथली सहा पावलं स्वतःची असणं म्हणजे आंघोळीसाठी कुणाला हाक न मारणं. ती सहा पावलं ट्रेडमिलच्या गुळगुळीत पट्ट्यावर शिकता येत नाहीत. त्यासाठी सरावाच्या खोलीत एक उंबरठा, ओली फरशी आणि हाताशी धरायला दांडा लागतो.