सेदरच्या सुपातील गोळे: ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी

पेसाह जवळ आला की आपल्या घरांत एक प्रश्न हल्ली वरचेवर विचारला जातो. नातीला त्सेलिआक आहे, किंवा जावयाला ग्लूटेन चालत नाही. मग सेदरच्या रात्री सुपात त्याला काय वाढायचे? क्नेडलाख, म्हणजे सुपातील मात्साच्या पिठाचे गोळे, हा काही आपल्या कोकणातील आजी-पणजींचा पदार्थ नव्हे. इस्राएलात आल्यावर शेजारपाजारच्या आणि सोयरिकीच्या अश्केनाझी घरांतून तो आपल्याकडे आला. आता मुलानातवंडांना सुपात गोळे हवेच असतात. सगळ्यांच्या वाटीत गोळे आणि एकाच्या वाटीत नुसते पाणी, असे सणाच्या दिवशी बरे दिसत नाही. म्हणून ही माहिती.

ग्लूटेन म्हणजे काय?

रोश हाशानाला चिकाचा हलवा करणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको. गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्यात धूत राहिले तर पांढरे सत्त्व पाण्यात उतरते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तो लगदा म्हणजेच ग्लूटेन. पोळी लाटताना ताणली जाते ती त्याच्यामुळे. ते गव्हात असते, तसेच जव, राय आणि स्पेल्ट या धान्यांतही असते. चिकातून ते पूर्णपणे जात नाही, म्हणून त्सेलिआक असलेल्याला गव्हाच्या चिकाचा हलवाही देऊ नये.

त्सेलिआक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेले की त्याचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करू लागते. मग अन्नातील लोह, कॅल्शियम नीट शोषले जात नाही. "एवढ्याशा तुकड्याने काय होते?" असे आपण प्रेमाने म्हणतो, पण इथे तुकडा मोजायचा नसतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एक किलो अन्नात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच त्याला ग्लूटेनरहित म्हणतात. यावरून किती थोडे पुरते याचा अंदाज यावा. एकाच डावाने दोन्ही पातेली ढवळली तरी सर्व मेहनत वाया जाते.

हा आजार फक्त लहान मुलांचा नाही. साठी-सत्तरी उलटल्यावरही तो प्रथमच सापडतो. औषध घेऊनही न हटणारा पंडुरोग, ठिसूळ झालेली हाडे, सतत बिघडणारे पोट किंवा कारणाशिवाय घटणारे वजन असेल तर रोफे मिशपाहाला रक्ततपासणीबद्दल विचारावे. मात्र तपासणीपूर्वी स्वतःहून गहू बंद करू नये. तसे केल्यास तपासणीत आजार दिसून येत नाही.

"काशेर लेपेसाह" म्हणजे "ग्लूटेनरहित" नव्हे

इथे पुष्कळांची गफलत होते. पेसाहात आपण हामेत्स काढून टाकतो, गहू नव्हे. मात्सा गव्हाचीच असते आणि केमाख मात्सा म्हणजे दळलेली मात्साच. त्यामुळे पेसाहाच्या केकमध्ये, बिस्किटांत, कबाबातही गहू असू शकतो. डब्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या: "काशेर लेपेसाह" आणि "लेलो ग्लूटेन". अक्षरे बारीक असतात, तेव्हा दुकानात भिंग न्यावे किंवा नातवाला वाचायला सांगावे. सुपाची पूडही याच नजरेने तपासावी. सर्वांत उत्तम म्हणजे कोंबडी, कांदा, गाजर आणि सेलरी घालून सूप घरीच उकळावे. त्यात मीठही आपल्या हातात राहते.

गोळा बांधून कसा राहतो?

गव्हाशिवाय गोळा कसा बांधला जाईल, ही शंका आपल्याला तरी येऊ नये. तांदळाची भाकरी आठवा. तांदळाच्या पिठात ग्लूटेन अजिबात नाही. थंड पाण्यात मळले तर ते फुटते. पण उकळत्या पाण्यात उकड काढली की पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी हातावर थापता येते. सुपातील गोळ्यांतही तेच घडते. बटाट्याचा स्टार्च गरम पाण्यात फुगून चिकटतो आणि अंडे आवळून बसते. मात्र दोघांनाही वेळ द्यावा लागतो. पाणी खळखळ उकळत असेल तर आवळण्याआधीच गोळा फुटतो. म्हणून मिश्रण आधी थंड करावे आणि पाणी मंद आचेवर नुसते हलत ठेवावे.

1. बदामाचे गोळे. 200 ग्रॅम बारीक दळलेले बदाम, 2 मोठी अंडी, 2 चमचे बटाट्याचा स्टार्च (अमिलान तापुहेय अदामा), 1 चमचा तेल, मीठ, मिरी आणि बारीक चिरलेली कोथिंबीर. इथे चमचा म्हणजे मोठा चमचा. सर्व कालवून झाकून 2 तास फ्रिजमध्ये ठेवावे. ओल्या हाताने छोट्या लिंबाएवढे गोळे वळावेत. साधारण 14 ते 16 होतात. मिठाच्या पाण्यात झाकण ठेवून 20 मिनिटे शिजवावेत. साखरेचा आजार असलेल्यांना बटाट्यापेक्षा हे बरे. घरात कोणाला बदाम बाधत असतील तर मात्र करू नयेत.

2. बटाट्याचे गोळे. अर्धा किलो बटाटे सालासकट उकडावे, सोलून गरम असतानाच गाठी न ठेवता कुस्करावे आणि गार होऊ द्यावे. त्यात 1 अंडे, 5 ते 6 मोठे चमचे बटाट्याचा स्टार्च, मीठ, मिरी घालून हलक्या हाताने मळावे. गोळे पाण्यावर तरंगू लागले की आणखी 3-4 मिनिटे ठेवून काढावे. हे मऊ असतात, कवळी लावणाऱ्यांनाही सहज खाता येतात आणि खर्चही कमी. फार वेळ सुपात ठेवले तर विरघळतात, म्हणून वाढताना वाटीत घालावे.

3. कोंबडीच्या खिम्याचे गोळे. हे ज्यांच्या घरी पेसाहात तांदूळ चालतो त्यांच्यासाठी. 300 ग्रॅम खिमा, 1 लहान कांदा किसून पिळलेला, 1 अंडे, 4 मोठे चमचे तांदळाचे पीठ, आले, हिरवी मिरची, हळद, कोथिंबीर, मीठ. गोळे करून मंद आचेवर 25 मिनिटे शिजवावे. आतून गुलाबी राहता कामा नयेत. चव मात्र आपल्या घरची लागते. पिठासाठी तांदूळ रिवाजाप्रमाणे तीनदा निवडून, धुऊन, वाळवून पेसाहाच्या मिक्सरमध्ये घरीच दळावा. गिरणीत आधी गहू दळलेला असू शकतो. इराणी यहुदी गोंदी नावाचे गोळे करतात तेही असेच, त्यात तांदळाऐवजी चण्याचे पीठ असते. पाहुण्यांमध्ये कोणी कितनियोत न खाणारे असतील तर त्यांना पहिल्या दोन प्रकारांतील गोळे वाढावे.

कोणताही प्रकार असो, आधी एकच गोळा शिजवून पाहावा. फुटला तर मिश्रणात चमचाभर स्टार्च वाढवावा. दगडासारखा झाला तर थोडे तेल किंवा पाणी घालावे. मिश्रणात कच्चे अंडे असते, तेव्हा ते चाखून पाहू नये. बदामाचे व खिम्याचे गोळे आदल्या दिवशी करून थोड्या सुपात बुडवून फ्रिजमध्ये ठेवता येतात.

मांडणी आणि वाढप

सर्वांत सोपे म्हणजे घरातील सर्वांसाठी हेच गोळे करावे. मग दोन पातेली नकोत, दोन डाव नकोत आणि चुकून अदलाबदल होण्याची भीतीही नको. साधे क्नेडलाखही करायचे असतील तर ग्लूटेनरहित गोळे आधी शिजवून झाकून ठेवावे, त्यांचा डाव वेगळा असावा आणि ती वाटी सर्वांआधी भरावी. मात्सा मोडताना तिचा चुरा टेबलभर उडतो. म्हणून त्या व्यक्तीचे ताट टेबलाच्या कडेच्या जागी मांडावे आणि तिच्यासाठी हारोसेत व मारोर वेगळ्या वाटीत काढून ठेवावे.

राहिला प्रश्न मात्साच्या मित्स्वाचा. बटाट्याच्या किंवा बदामाच्या "मात्सा"ने ती पूर्ण होत नाही, कारण मात्सा पाच धान्यांपैकीच एकाची लागते. अशांसाठी ग्लूटेनरहित ओटची मात्सा मिळते. साधे ओट गव्हाच्या संपर्कात आलेले असतात, म्हणून डब्यावरची खूण पाहूनच घ्यावी. काहींना ओटही सोसत नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना आणि मग आपल्या रब्बींना विचारावे, आणि हे सणाच्या दोन आठवडे आधी करावे, ऐनवेळी नव्हे.

हग्गादाच्या सुरुवातीला आपण म्हणतो की जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे. ते बोलावणे दाराबाहेरच्यांना तर आहेच, पण आपल्याच टेबलावर बसून वाटीकडे पाहत राहणाऱ्या नातवालाही आहे. वाचकहो, यंदा त्याची वाटी सर्वांआधी भरा.

हाग काशेर वेसामेआख!