नायक कुणाचा, खलनायक कुणाचा?

रहस्यकथेला साहित्य म्हणायला आपल्याकडे लोक अजून कचरतात. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, तरीही सांगते, बाबूराव अर्णाळकरांनी जेवढे वाचक घडवले तेवढे आम्हा प्राध्यापकांनी घडवले नसतील. हजाराच्या वर पुस्तके लिहिली त्यांनी! आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांचाच कन्नड भाऊबंद सापडला. एन. नरसिंहय्या यांचे 'पत्तेदार पुरुषोत्तम'. कन्नडमध्ये पत्तेदार म्हणजे गुप्तहेर. आमच्या कन्येला वाटले, पत्ते कुटणारा कुणीतरी असावा.

या सुट्टीत 'झुंजार'च्या दोन-तीन कथा पुन्हा वाचल्या. वेग अजून तसाच आहे, पान उलटल्याशिवाय राहवत नाही. पण गुन्हेगार सापडतो तो बहुधा योगायोगाने. त्यामानाने सत्यजित राय यांचा फेलूदा (अशोक जैन यांचे मराठी अनुवाद घरात जरूर ठेवावेत) वाचकाशी प्रामाणिक वागतो. सारे धागेदोरे समोर मांडलेले असतात, दिसत नाहीत हा आपला दोष. मुलांच्या हाती पहिल्यांदा हाच द्यावा असे माझे मत.

ऐतिहासिक कादंबरीची गोष्ट मात्र एवढी सोपी नाही. तिथे खून कुणी केला हे ठाऊक असते, पण खलनायक कोण हे वाचक कुठल्या गावचा आहे त्यावर ठरते.

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. माधवराव आणि रमाबाई यांच्या नात्याचे पदर देसाईंनी ज्या हळुवारपणे उलगडले, त्याला तोड नाही. थेऊरची शेवटची पाने आजही डोळे ओले करतात. पण यंदा ती मी वाचली रामपायलीला, आजोळी. बालाघाट जिल्ह्यातले हे गाव, चंदन नदीच्या काठचे. तिथले राममंदिर नागपूरकर भोसल्यांच्या काळातले मानतात. पुस्तक माझ्या हातात पाहून मामा म्हणाले, "जानोजी आले का गं? आले की सांग, आमचा माणूस आहे." माधवरावांच्या बाजूने वाचताना जानोजी भोसले म्हणजे फितूर, निजामाला मिळणारे, १७६९ च्या कनकापूरच्या तहात त्यांना नमवले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. मामा टाकत नाहीत. नागपूरकरांनीही आपले राज्यच सांभाळले, असे त्यांचे म्हणणे. शनिवारवाड्यावर जेवढी शाई सांडली तेवढी नागपूरच्या वाड्यावर सांडली नाही, हेही खरेच आहे की.

आता सासूबाईंचे ऐका. त्या चित्रदुर्गच्या. त. रा. सुब्बराव यांची 'दुर्गास्तमान' त्यांना जवळजवळ पाठ. १९८५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखक हयात नव्हते. मला कन्नड बोलता येते, पण एवढी जाड कादंबरी वाचणे जड जाते. म्हणून आमचे हे मोठ्याने वाचतात आणि मी ऐकते. (आपल्या बेळगावच्या उमाताई कुलकर्णी यांनी अशाच श्रवणातून भैरप्पांना मराठीत आणले. मी आपली नुसतीच ऐकते!) मदकरी नायकाचा दुर्ग १७७९ मध्ये हैदरअलीने घेतला, त्याची ही कहाणी. 'स्वामी'त हैदर मोहिमांपुरता भेटतो. इथे तो उंबऱ्याशी येऊन ठाकलेला असतो. शेवट माहीत असूनही तो लांबावा असे वाटत राहते, आणि हेच मला या कादंबरीचे यश वाटते. मधली राजकारणाची खलबते मात्र थोडी पाल्हाळिक झाली आहेत. तेवढा भाग ऐकताना मी भाजी निवडून घेतली.

आपल्यासारख्या घरांतून मुले इतिहास शिकतात तो पाठ्यपुस्तकापेक्षा अशा कादंबऱ्यांतून. एका भाषेतली वाचली की एकच बाजू पक्की होते, आणि मग जेवणाच्या ताटावर 'तुमचे' आणि 'आमचे' सुरू होते. म्हणून मी कन्येला दोन्ही द्यायचे ठरवले आहे, आणि १७७० ची निजगलची लढाईही सांगणार आहे. त्या किल्ल्यावर मराठ्यांच्या बाजूने चित्रदुर्गचा नायक लढला होता.

हे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "मग नऊ वर्षांनी आमचा दुर्ग पडला तेव्हा तुमचे पेशवे कुठे होते?" पुणे दरबार तेव्हा राघोबादादा आणि इंग्रज यांच्याशी लढण्यात गुंतला होता, वडगावची लढाई त्याच वर्षातली, असे मी समजावले. त्यांना अजून ते पटलेले नाही.