कुठली एमईएस?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून दहावी पास झालेल्या एका मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मी माझ्या हाताने भरून दिला होता. वडील लष्करी छावणीत नळदुरुस्तीचे काम करणारे, पगारी सरकारी नोकर. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मुलाने सांगितले तसे मी लिहिले : नोकरी, एमईएस. तेही इंग्रजीत, तीन मोठ्या अक्षरांत. रकान्यात जागाही तेवढीच होती आणि मागे आणखी दहा-बारा मुले अर्ज घेऊन उभी होती.

अर्ज कचेरीत गेला आणि तिथेच बसला. दीड महिन्याने चौकशीला गेलो, तेव्हा टेबलावरच्या कारकुनाने तो गठ्ठ्यातून ओढून काढला, त्या तीन अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाला, "हे काय हो मास्तर? समितीत आता पगार पण देतात काय?" त्याला चेष्टा करायची होती की खरोखरच शंका आली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. ही एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, लष्कराच्या इमारती, पाणी आणि वीज बघणारे खाते, असे मी समजावले. तो म्हणाला, "मग तसे लिहून आणा, त्यांच्या ऑफिसचा शिक्का मारून." शिक्का आणेपर्यंत मुदत टळून गेली होती. मुलाला त्या वर्षीची रक्कम मिळाली नाही. वडील मला काही बोलले नाहीत. "जाऊ दे गुरुजी, तुम्ही केलासा तेवढं पुष्कळ झालं," एवढेच म्हणाले. ते बोलले असते तर बरे झाले असते. कारकुनाने अडवले हे खरे, पण अडवायला दोरी मीच त्याच्या हातात दिली होती.

वाचकहो, आपल्या सीमाभागात 'एमईएस' म्हटले की दुसरा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. महाराष्ट्र एकीकरण समिती. मी स्वतः गावपातळीवर समितीच्या कामात आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण गंमत अशी की, आपण आपापसात बोलताना एमईएस कधी म्हणतो? आपण 'समिती' म्हणतो. पत्रकावर 'म. ए. समिती' छापतो. एमईएस हे इंग्रजी आणि कन्नड वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतले नाव. ते वाचून वाचून आपल्या पोरांच्याही तोंडी बसले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याच्या कितीतरी आधीपासून, १९२३ पासून, लष्कराची एमईएस आहे. त्यामुळे हे नाव पहिल्यांदा कोणी घेतले, असा वाद कोणी काढलाच तर त्या नळदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांचा हक्क आपल्या आधीचा ठरेल.

त्या प्रसंगानंतर मला या तीन अक्षरांचा नादच लागला. जिथे जाईन तिथे पाट्या वाचू लागलो. पुण्यात महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी १८६० मध्ये लावलेले हे रोप. भावे स्कूल आणि गरवारे महाविद्यालय त्यांचेच. त्याच पुण्यात मॉडर्न एज्युकेशन सोसायटी, वाडिया महाविद्यालयवाली, १९३२ ची. म्हणजे एका शहरात दोन एमईएस, आणि दोन्ही शिक्षणातल्या! रिक्षावाल्याला नुसते 'एमईएस कॉलेज' सांगून बघा. बंगळूरला मल्लेश्वरम भागात मैसूर एज्युकेशन सोसायटी, स्थापना १९५६ ची. वर्ष लक्षात घ्या. ज्या वर्षी आपली ताटातूट झाली त्याच वर्षी तिकडे हीच तीन अक्षरे मैसूरच्या नावाने पाटीवर चढली. केरळात मुस्लिम एज्युकेशनल सोसायटी, डॉ. पी. के. अब्दुल गफूर यांनी १९६४ मध्ये काढलेली. तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे मोठे आहे. गोव्यात झुआरीनगरला मुरगाव एज्युकेशन सोसायटी. पनवेलकडे महात्मा एज्युकेशन सोसायटी. आणि चाकणच्या कारखान्यात नोकरीला असलेला माझा भाचा सुट्टीत घरी आला की सांगतो, "मामा, मी सध्या एमईएसवर काम करतोय." त्याची एमईएस म्हणजे यंत्रावर कुठला माल किती निघाला, कुठे अडला, याचा क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणारी संगणकावरची व्यवस्था. पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याची आजी चमकली होती. तिला वाटले, पोरगा पुण्यात जाऊन मोर्चात शिरला!

बंगळूरच्या त्या महाविद्यालयात शिकलेला आमच्या पंचक्रोशीतला एक तरुण मला माहीत आहे. गावाकडच्या एका लग्नात कोणी विचारले, "शिक्षण कुठं?" तो म्हणाला, "मी एमईएसचा." एका म्हाताऱ्याने त्याची पाठ थोपटली, आणि दुसऱ्या बाजूला बसलेल्या पाहुण्याने, जो कन्नड घरातला होता, खुर्ची थोडी सरकवली. मुलाला दोन्हीचे कारण कळले नाही.

आता मराठीच्या शिक्षकाला यात काय दिसते ते सांगतो. इंग्रजी आद्याक्षर हे एकटे व्यंजन असते. त्या एका 'एम'च्या पोटात महाराष्ट्र, मैसूर, मुस्लिम, मुरगाव, मॉडर्न, महात्मा आणि मिलिटरी हे सगळे मावतात. आपल्या लिपीत व्यंजनाबरोबर स्वर चालतो. म, मै, मु, मॉ, मि. अक्षर लिहिताक्षणी निम्मा गोंधळ मिटतो. मधले अक्षर तसेच : एकीकरण आणि एज्युकेशन 'ए'चे, पण इंजिनिअर 'इं'चा. शेवटी समितीचा 'स', सोसायटीचा 'सो'. म्हणून पुण्याची ती संस्था मराठीत 'मएसो' झाली आणि ओळखू आली. कुणी मएसो म्हटले तर तिला समिती समजणार नाही, मिलिटरी तर नाहीच. शेकाप, मसाप, मगोप ही नावे तशीच. ती उच्चारता येतात, शब्दासारखी चालतात, 'शेकापचा', 'मगोपला' असे प्रत्ययही घेतात. मुस्लिम आणि मुरगाव यांचा 'मु' मात्र एकच राहतो, हे मान्य केले पाहिजे. आपली लिपी म्हणजे जादू नव्हे.

याचे सर्वात चांगले उदाहरण गोव्यातले आहे. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, ज्याचे मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यक शाळेत आहे, त्याला इंग्रजीत 'जीएमसी' म्हणतात. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जिथे असेल तिथे इंग्रजीत तीही जीएमसीच, कारण गव्हर्नमेंटचाही 'जी'. आपल्या भागातून बांबोळीला जाणारे रुग्ण पुष्कळ आणि मिरजेला जाणारेही पुष्कळ. रात्री अकरा वाजता कोणी फोनवर सांगितले की "जीएमसीला हलवलंय", तर नातेवाइकांनी गाडी चोर्ल्याच्या घाटाकडे वळवायची की मिरजेच्या रस्त्याला लावायची? गोव्यातली मराठी वर्तमानपत्रे 'गोमेकॉ' लिहितात. गो म्हणजे गोवाच. संपला प्रश्न.

शास्त्राच्या अभ्यासकांना वाटेल की हा घोळ इंग्रजीने आणला. तसेही नाही. लघुरूपांचा सर्वात मोठा उस्ताद आपला पाणिनी. अक्षरांचे गट एकेका छोट्या खुणेत बांधून त्याने अख्खे व्याकरण आटोपशीर केले. पण त्याच्याही चौदा सूत्रांत 'ण्' ही खूण दोनदा येते, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि पुन्हा सहाव्याच्या शेवटी. म्हणजे 'अण्' म्हटले तर गट पहिल्या ण्-पर्यंत घ्यायचा की दुसऱ्या? शतकानुशतके पंडितांनी यावर डोके खाजवले. ठरले ते असे : एक सूत्र सोडून सगळीकडे पहिला, आणि 'इण्' असेल तर दुसरा. हे अक्षरांवरून कळत नाही, गुरूने सांगावे लागते. पाणिनीच्या चेल्याला गुरू होता. आमच्या अर्जाबरोबर कचेरीत गुरू जात नाही, अर्ज एकटाच जातो.

आणि आपली घरातली पत्रे? कृ. सा. न. वि. वि. हे कोणाला सोडवून सांगावे लागत नसे. ती., चि., गं. भा., अ. उ. आ. या सगळ्यांना एकेकच अर्थ होता, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच घरात वाढलेले असत. त्यातही 'ता.' म्हणजे पत्राच्या डोक्यावर तारीख, पाकिटावर तालुका आणि शेवटी 'क.' जोडला की ताजा कलम. पण जागा ठरलेली असल्याने कोणी फसले नाही. जागा बदलली की मात्र फसगत होते, आणि आपण सीमेवरची माणसे तर दिवसातून दोनदा जागा बदलतो.

हेच बघा. चंदगड तालुक्यातली मुलगी लग्न होऊन आमच्या गावात सून म्हणून आली. पहिल्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा सासरे अंगणातून ओरडले, "टीसी जळालाय!" तिने घाबरून शेजारणीला विचारले, कोणाचा दाखला जळाला? तिच्या माहेरी विजेच्या त्या खांबावरच्या पेटाऱ्याला 'डीपी' म्हणतात, आणि टीसी एक तर रेल्वेत तिकीट तपासतो, नाही तर शाळेच्या कपाटात असतो. तिच्या माहेरी शाळेच्या दाखल्यालाही पुष्कळदा 'एलसी' म्हणतात. आता ती बाई म्हातारी झाली आहे आणि नातू तिला म्हणतो, "आज्जी, मी डीपी बदलला." तिला क्षणभर वाटते, बरे झाले, आता रात्री मोटार चालेल.

सात-बाराला इकडच्या सरकारी कागदावर 'आरटीसी' म्हणतात. हक्क, कूळवहिवाट आणि पिके यांची ती नोंद. मुंबई इलाख्यात वाढलेली जुनी माणसे अजून सात-बाराच मागतात आणि खिडकीतला मुलगा त्यांना समजून घेतो. माझे एक मेहुणे हैदराबादला स्थायिक आहेत. तिथे आरटीसी म्हणजे बस. आरटीसी क्रॉसरोड्स नावाचा मोठा चौकच तिथे आहे. "आरटीसीसाठी सकाळपासून उभा होतो, मिळाली नाही," असे मी फोनवर म्हणालो तर ते म्हणाले, "मग रिक्षा करायची की!"

बसचे म्हणाल तर महाराष्ट्रात १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून तिचे नाव 'एसटी'. आमच्याकडचे म्हातारे कर्नाटकच्या गाडीलाही एसटीच म्हणतात. पण अर्जावरची एसटी म्हणजे अनुसूचित जमात. 'केएसआरटीसी' या पाच अक्षरांवरून तर कर्नाटक आणि केरळ अशी दोन राज्ये कोर्टापर्यंत गेली, कारण दोघांचाही 'के'. २०२१ मध्ये केरळने व्यापारचिन्हावर हक्क सांगितला, २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कर्नाटकला ते नाव वापरण्यापासून रोखायला नकार दिला. आणि ज्या गाडीत आपण बसतो ती १९९७ पासून वायव्य कर्नाटक महामंडळाची आहे, म्हणजे भांडण ज्या नावाचे ते आपल्या गाडीवर नाहीच. देवनागरीत 'क' आणि 'के' लिहून बघा, भांडणाला जागा उरते का?

यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी दहावीनंतर सीमा ओलांडणाऱ्या मुलांचे हसे होत नाही, नुकसान होते. आपली एसएसएलसी, तिकडची एसएससी. आपल्या मुलाने 'पीयूसी झालंय' म्हटले की कोल्हापुरातला माणूस गाडीच्या धुराचा दाखला समजतो. बारावी म्हटले असते तर दोन्हीकडे कळले असते. म्हणून दरवर्षी जूनमध्ये मी नववीच्या वर्गाला एक काम देतो. घरात येणारा एकेक सरकारी कागद आणा, त्यावरची आद्याक्षरे फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाचे पूर्ण नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत शोधून काढा. कन्नड येणारी मुले या कामात पुढे असतात आणि इतरांना सांगतात, हे मला विशेष आवडते. गेल्या वर्षी एका मुलीने रेशन दुकान, पंचायत, वीज कार्यालय आणि बँक मिळून एकतीस आद्याक्षरे आणली. त्यातल्या नऊंचा अर्थ कागद देणाऱ्यालाही सांगता आला नव्हता.

तो शिष्यवृत्ती हुकलेला मुलगा पुढे शिकला. कर्ज काढून शिकला. वडिलांच्या जागी लष्कराच्या त्याच खात्यात लागला. या जूनमध्ये तो आपल्या मुलीला घेऊन शाळेत आला होता. प्रवेशअर्ज मी त्याच्यापुढे सरकवला. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्याशी तो थांबला, माझ्याकडे बघून थोडा हसला आणि बारीक अक्षरात लिहायला लागला. 'मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, बेळगाव छावणी, नळविभाग.' ओळ रकान्याच्या बाहेर गेली, समासात शिरली, आणि शेवटचा शब्द त्याने कागद आडवा करून लिहिला.