‘क्रेडिट’ म्हणजे जमा की उधार?

‘क्रेडिट’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळला आहे. विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला. पगार बँकेत ‘क्रेडिट’ झाला म्हणजे जमा झाला. कामाचे क्रेडिट म्हणजे श्रेय. कॉलेजात क्रेडिट म्हणजे श्रेयांक. दुकानात मात्र क्रेडिट म्हणजे उधारी! येथेच कष्टकरी माणसाची फसगत होते. क्रेडिट कार्डाची ‘लिमिट’ ही आपली शिल्लक नव्हे, ती कर्जाची मर्यादा आहे. ‘मिनिमम ड्यू’ भरले तरी उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहते. म्हणून आम्ही सांगतो, सही करण्यापूर्वी विचारा : हे क्रेडिट जमा की उधार? शिकलेल्या मुलामुलींनी आईवडिलांना हा फरक जरूर समजावून सांगावा.